बत्ताशाचं पाणी

१

त्या उन्हाळ्यात माझा दिवस दोन थर्मामीटरांनी सुरू व्हायचा. एक खुशीच्या काखेत, दुसरं बत्ताशाच्या टबात. खुशी माझी मुलगी, चार वर्षांची. बत्तासा म्हणजे ॲक्सोलॉटल, बेडकाच्या नात्यातला, पाण्यातच राहणारा प्राणी. वीतभर लांब, पांढराफेक, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुलाबी पिसांसारखे कल्ले, चार आखूड पाय आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. ते हसू खरं नसतं, तोंडाची ठेवणच तशी असते, हे मला माहीत होतं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे मी. ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर बेडूक शिकवते. पण दुखापत झालेला प्राणी आपल्याकडे बघून हसतो, तेव्हा पदवी फारशी कामी येत नाही.

हा पाहुणा माझ्या दिरानं, कपिलनं, दिवाळीत पुण्याहून आणला होता. "वहिनी, दोनच महिने सांभाळा." आमच्या दारव्ह्यात दिवाळीनंतरचे दोन महिने बरे असतात. मग होळी आली, आणि कपिलचा फोन लागेनासा झाला.

मार्चच्या शेवटी बत्ताशाच्या काचेच्या टाकीचा फिल्टर बंद पडला. माझ्या नवऱ्यानं, रजतनं, माळ्यावरून कुलरचा पंप काढला आणि टाकीत सोडला. पाणी छान खेळायला लागलं. "पाह्य, फुकटात काम झालं," म्हणून तो ऑफिसला, यवतमाळला निघून गेला. पंपाच्या तोंडावरची जाळी तुटलेली होती. संध्याकाळी बत्तासा टाकीच्या तळाशी एका कुशीवर पडलेला, आणि पुढचा डावा पाय कोपरापासून नव्हता.

आमच्या जनावरांच्या डॉक्टरांना मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी फोन आडवा धरला, उभा धरला. "मॅडम, म्हैस असती तर काही सांगतलं असतं." शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरांनी फोनवर सगळं समजावलं. वेगळ्या टबात ठेवा. रोज सगळं पाणी बदला. पाणी सतरा अंशांवर हवं, बर्फाच्या बाटल्या सोडा. दूध-साखरेशिवायचा चहा उकळून, पार गार करून, त्यात घाला; जखमेला बरा. गांडुळाचे तुकडे चिमट्यानं भरवा. वहीत नोंद ठेवा. "पाय परत येतो यांचा. बोटांसकट येतो. घाबरू नका."

मला आजवर प्रत्येक डॉक्टरनं शेवटी हेच सांगितलं आहे. खुशी झाली तेव्हा मी रात्र रात्र तिच्या नाकाखाली बोट धरून बसायची. त्यावरही गोळ्या मिळाल्या आणि "घाबरू नका" मिळालं. गोळ्या अजून चालू आहेत.

२

आमच्याकडे नळ सहाव्या दिवशी येतो. त्यामुळे आमच्या घरात पाणी कोणी फेकत नाही. माझ्या सासूबाई, इंदूबाई, तांदळाचं धुवण कढीपत्त्याला घालतात, भाज्या धुतलेल्या पाण्यात पोछा पिळतात. अशा घरात मी रोज पंधरा लिटर पाणी एका पालीसारख्या दिसणाऱ्या प्राण्याला देत होते आणि दुसऱ्या दिवशी ओतून देत होते.

तिसऱ्या दिवशीच त्यांनी माझ्या हातातली बादली धरली.

"कुठी घेऊन चालली?"

"मोरीत, आई."

"अव, थांब! गार हाय, निर्मळ हाय. कुलरात टाक."

"त्यात चहा आहे. त्याची घाण आहे."

"मंग? कुलर चहा पिऊन मरन काय? तुमच्या कॉलेजात हेच शिकवते काय, पाणी मोरीत ओता म्हणून?"

त्यानंतर ते काम त्यांनी स्वतःकडेच घेतलं. रोज दुपारी बत्ताशाचं पाणी कुलरच्या टाकीत.

कुलर आमचा जुना, पत्र्याचा. मागच्या गॅलरीत स्टँडवर उभा, तोंड मधल्या खोलीच्या खिडकीत. तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाण्याची टाकी, खोलीच्या बाजूनं पत्र्याच्या आडव्या पट्ट्या आणि पट्ट्यांमागे पंखा. एप्रिल लागला तेव्हा रजतनं तो धुऊन चालू केला. पंप तोच बसवला. बत्ताशाच्या टाकीतला.

"त्यात पाय अडकलेला नाही ना?" मी विचारलं होतं. तुटलेला पाय आम्हाला कुठेच सापडला नव्हता.

"पाह्यलं ना बाप्पा मी."

रजत गॅस बंद केल्याचंही असंच सांगतो. मी नंतर उठून बघते. पंप मात्र मी उघडून बघितला नाही.

३

मेच्या पहिल्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसवर गेला. त्या दिवसांत कुलर पाणी पीत नाही, ढोसतो. सकाळी दोन बादल्या, दुपारी दोन. टाकी तळाला गेली की पंप घरघरायला लागतो.

एका संध्याकाळी सासूबाई हसतच स्वयंपाकघरात आल्या. "आज कुलरनं पाणीच नाही पेलं व."

मी पोळ्या लाटत होते. मनात नोंदलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी त्या तेच म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मी झाडूची काडी घेऊन गॅलरीत गेले, टाकीत बुडवली आणि ओल जिथवर आली तिथे नखानं खूण केली. त्या दिवशी बत्ताशाचं पाणी कढीपत्त्याला घातलं. दिवसभर कुलर चालला. संध्याकाळी काडी पुन्हा बुडवली.

पाणी खुणेच्या दोन बोटं वर होतं.

मी स्वतःला समजावण्यात तरबेज आहे. पंप बंद असेल. पण जाळ्यांवरून पाणी झरझर वाहत होतं. हवा दमट असेल. पण ओठ फुटून रक्त येत होतं. सासूबाई मला न सांगता घागर ओतत असतील. विचारलं, तर त्यांनी देवाची शपथ घेतली आणि वर म्हणाल्या, "वाचत असन तर वाचू दे ना बाई. तुले सुखही टोचते."

रजतला सांगितलं. तो जेवताना हसला. "लोकाईचे कुलर गळते. आपला भरते. पेपरात देऊ काय?"

हवा मात्र अशी गार की शेजारच्या रामीबाई दुपारी चिंच फोडायला आमच्याकडे येऊन बसायच्या आणि थोड्या वेळानं पदर खांद्यावरून ओढून घ्यायच्या. "चिखलदऱ्याले आल्यावानी वाटते व सुरभी तुमच्या घरी. पण वास कायचा येते हा?"

"चहाचा," सासूबाई म्हणायच्या.

चहाचा नव्हता. तळ्याकाठी ओल्या दगडाखाली येतो, तसा होता.

४

बत्ताशाचा पाय येत होता. आधी नुसता कोंब, मग वल्ह्यासारखं चपटं काहीतरी, मग त्यात चिरा. पुढच्या पायाला यांना चार बोटं असतात, मागच्याला पाच. चौथं बोट दिसायला लागलं तेव्हा मी खरंच रडले. वहीत तारखेपुढे फूल काढलं.

त्याच वहीत मी मागच्या पानावर खुशीचं लिहीत होते. शहाण्णव. पंच्याण्णव पॉइंट आठ. पंच्याण्णव पॉइंट चार. लहान मुलांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं, तिच्याशी गप्पा मारल्या आणि मला म्हणाले, "पोरगी ठणठणीत आहे. थर्मामीटर बदला." बदललं. तेच आकडे. तिला घाम येईनासा झाला होता. अंगणात खेळून आली की मान ओली असायची, पण ती ओल घामाची नव्हती. हात फिरवला की बोटं बुळबुळीत व्हायची. एक दिवस वही उघडली आणि लक्षात आलं की दोन्ही पानांवर मी एकच लिहिलं आहे: भूक कमी, हालचाल मंद, त्वचा ओलसर.

तिला मधल्या खोलीतून हलायचं नसायचं. पलंग खिडकीला लागून. ती त्यावर उभी राहून कुलरच्या पट्ट्यांशी तोंड नेऊन "आऽऽऽ" करायची. सगळीच मुलं करतात. पंखा आवाजाचे तुकडे करून परत देतो, त्यांना गंमत वाटते. मीही लहानपणी केलं आहे. फक्त खुशी "आऽऽ" करून झाल्यावर थांबायची आणि कान लावायची.

फ्रिजमध्ये गांडुळांचा डबा असायचा. त्यातली गांडुळं कमी व्हायला लागली. मी सासूबाईंवर संशय घेतला. त्यांनी डब्याला आजवर बोटही लावलेलं नव्हतं. मग एका दुपारी खुशी पलंगावर दिसली. चालू कुलरच्या पट्ट्यांच्या अगदी खालच्या फटीतून ती काहीतरी आत सरकवत होती.

मी तिला मागे ओढलं. "बोट जाईल ना आत! काय टाकतेस?"

"खाऊ."

"कोणाला?"

"थ्याले भूक लागते. बत्ताशाले देतेस, थ्याले काहून नाही देत?"

"कोणाला, खुशी? नाव काय त्याचं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांकडे बघते.

"खुशी," ती म्हणाली.

५

मी नौशादभाईंना बोलावलं. बसस्टँडसमोर त्यांचं कुलर-पंख्यांचं दुकान आहे. आमचा कुलर त्यांच्याच हातचा.

त्यांनी बटण बंद केलं, गॅलरीच्या बाजूची जाळी उतरवली आणि टाकीत बघितलं. पाणी चहाच्या रंगाचं, तळ दिसत नव्हता.

"भाभी, पाणी लय जुनं झालं हे. काढून टाकत जा ना."

"कमीच होत नाही. म्हणून तर बोलावलं."

"असं कसं होईन? कुलर हाय का विहीर?" ते हसले, बाही वर केली आणि पंप काढायला कोपरापर्यंत हात घातला.

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण हात थांबला. मग अगदी सावकाश, झोपलेल्या मुलाखालचा हात काढावा तसा, त्यांनी तो बाहेर काढला. मनगटाकडे बघत राहिले. पुसलाही नाही.

"काय होतं?"

"काही नाही. शेवाळ असन." त्यांनी जाळी परत बसवली. स्क्रू चार होते. त्यांनी खिशातून आणखी दोन काढून लावले. "मऊ लागलं जरा."

"पंप?"

"पंप चालू द्या. जसं हाय तसं राहू द्या. आनेवाले इतवार को मैं नवा कुलर घेऊन येतो, हा पुरा उचलून घेऊन जातो. भाईसाहेबाले सांगा." अंगणात त्यांनी साबण मागितला. तीनदा हात धुतला. सहाव्या दिवशी नळ येणाऱ्या घरात कोणी परका माणूस तीनदा हात धूत नाही. जाताना दारात थबकले. "भाभी, बच्ची कुठी झोपते?"

"मधल्या खोलीत."

"आजपासून तुमच्यापाशी झोपवा." आणि स्कूटरला किक मारली.

६

रविवार चार दिवसांवर होता.

गुरुवारी दुपारी मी खुशीला अंगणातल्या न्हाणीत आंघोळ घालत होते. सासूबाई मधल्या खोलीत आडव्या झालेल्या. लाईट गेली. घरातला कुलरचा आवाज एकदम बसला, आणि लांबपर्यंत सगळ्या गल्लीतले कुलर एकेक करून बसले. अशा वेळी दारव्हा बहिरं होतं. कावळासुद्धा बोलत नाही.

मग मधल्या खोलीतून आवाज आला. "आऽऽऽ."

मी बादलीतून तांब्या भरता भरता म्हणाले, "खुशी, पुरे आता."

आणि माझा डावा हात खुशीच्या डोक्यावर होता. तिच्या डोळ्यांत साबण गेला होता, म्हणून ती दोन्ही मुठींनी डोळे चोळत गप्प उभी होती.

मी तांब्या खाली ठेवला. मनात पहिलं आलं ते असं: शेजारची कोणी मुलगी असेल. दुसरं: सासूबाई झोपेत कण्हल्या. मग माझ्यातल्या शिकलेल्या बाईला तिसरं सुचलं आणि ते सुचलं नसतं तर बरं झालं असतं. कुलरसमोर मूल ओरडतं तेव्हा आवाजाचे तुकडे होतात, कारण पाती फिरत असतात. आत्ता लाईट नव्हती. पाती थांबलेली होती. आणि आवाज अखंड होता.

"आऽऽऽ," पुन्हा.

"आऽऽऽ," खुशीनं माझ्या हाताखालून उत्तर दिलं. डोळे न उघडता. "मले बलावून राह्यली थे."

त्या संध्याकाळी मी रजतला सगळं सांगितलं, क्रमानं, तारखांसह, वही समोर ठेवून. त्यानं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नाही. "रविवारी कुलर जातेच हाय," तो म्हणाला. मग पाणी प्यायला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "गोळी घेऊन राह्यली ना?"

घेत होते. त्या दिवशीची पण घेतली होती.

एवढं मात्र केलं: खुशीचं आणि माझं अंथरूण स्वयंपाकघरात आणलं आणि सासूबाईंना बजावलं, काही झालं तरी तिला मधल्या खोलीत नेऊ नका.

"बरं बाई," त्या म्हणाल्या.

७

शनिवार. पावणेदोन. पंचेचाळीस अंश. मी मागच्या मोरीत बत्ताशाचा टब घासत होते. त्याची चारही बोटं पूर्ण झाली होती, त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा नवा पाय टेकवून चालून दाखवलं. मी त्याला म्हणत होते, "शाब्बास रे माझ्या राजा." तेवढ्यात लाईट गेली.

शांततेत खुशी हसली. स्वयंपाकघरातून नाही.

सासूबाईंचं काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही. स्वयंपाकघर भट्टी झालं होतं. नातीचं तोंड सुकलेलं बघवेना, त्यांनी तिला उचलून कुलरसमोर नेलं. कोणतीही आजी हेच करेल.

मधल्या खोलीत पडदे ओढलेले. सासूबाई चटईवर भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या, घोरत होत्या. खुशी पलंगावर उभी. तिचा उजवा हात पट्ट्यांपाशी होता.

दोन पट्ट्या वाकून अलग झाल्या होत्या आणि त्यांच्यामधून मनगटापर्यंत एक हात बाहेर आला होता. त्यानं खुशीची दोन बोटं धरली होती. ओढत नव्हता. रस्ता ओलांडताना आपण मुलांची धरतो, तशी धरली होती.

पांढरा. ओला. खुशीच्याच हाताएवढा. नखं नव्हती. बोटं मोजायची मला सवय लागली होती, त्यामुळे डोळ्यांनी आपोआप मोजली. चार असती तर मी समजले असते.

पाच होती.

मी ओरडले नाही. पलंगाशी गेले, खुशीला कमरेतून उचललं, तिचं तोंड माझ्या खांद्यात दाबलं आणि मागे सरकले. तो हात सोडेना. पट्ट्यांमधून आणखी बाहेर आला, कोपरापर्यंत, माझ्याबरोबर. आतल्या काळोखात, थांबलेल्या पात्यांच्या पलीकडे काहीतरी टाकीतून उठलं, आणि पाणी ठिबकल्याचा आवाज आला. तिथे चेहऱ्याच्या उंचीवर काय होतं ते मी सांगणार नाही. मी नीट बघितलं नाही. हसू होतं, एवढंच.

त्याच क्षणी लाईट आली.

पंखा एकदा अडखळला. टक्. मग नेहमीसारखा फिरायला लागला.

किंकाळी खुशीची होती. तिचा आवाज मी हजारांत ओळखेन. पण खुशीचं तोंड माझ्या खांद्यात होतं, आणि ते मिटलेलं होतं.

"अगंऽ माय!" सासूबाई धडपडत उठल्या. "पोट्टीचं बोट गेलं काय व कुलरात? पाहू दे! हळद आणू काय?"

मी खुशीचे दोन्ही हात पकडले. दहा. पुन्हा मोजली. दहा. तिच्या बोटांवर बुळबुळीत ओल होती, बाकी ओरखडाही नव्हता. चादरीवर कोपरापासूनचं ते पडलं होतं. रक्त नाही. कापलेल्या मुळ्यासारखं स्वच्छ. सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसत नाही. मी त्यावर नॅपकिन टाकला आणि कुलरचं बटण बंद केलं.

"काही नाही झालं, आई. स्वयंपाकघरात जा तिला घेऊन. मांडीवरून उतरू देऊ नका. आणि कुलर लावायचा नाही. काही झालं तरी."

"अव, पण तू कुठी चालली?"

"वर. पाच मिनिटं."

मुलीला घेऊन मी घराबाहेर पडायला हवं होतं. बसस्टँडवर बस मिळाली असती, माहेर कळंबला आहे. पण एकदा तुटलेला तुकडा आमच्या हातून पाण्यात गेला होता. तो गेला कुठे हे बघितलं नव्हतं. ही चूक मी दुसऱ्यांदा करणार नव्हते. टाकीचं पाणीही सोडायचं नाही, नाली कुठे जाते कोण जाणे. पहिले हे वाळवायचं. पार कोरडं, काडीसारखं. मग पुढचं.

८

गच्चीवर उभं राहवत नव्हतं. आजूबाजूच्या गच्च्यांवर धोतरं-साड्या पसरून कुरड्या वाळत घातलेल्या. मी पत्र्याचा तुकडा ओढला, त्यावर नॅपकिन उपडा केला आणि शेजारी काठी घेऊन बसले, कावळे राखायला. मे महिन्यात दारव्ह्यातली प्रत्येक बाई अशी बसते. कोणाला काही वाटत नाही.

पलीकडच्या गच्चीवरून रामीबाईंनी हाक मारली. "काय वाळू घातलं व सुरभी? एवढीशीच कुरडई?"

"पहिलाच घाणा आहे," मी म्हणाले.

"उलटत राह्य. एका बाजूनं कच्ची राह्यते." त्या खाली निघून गेल्या.

उलटावं लागलं नाही. पत्रा तापला तशी बोटं एकेक करून आत मिटली, आणि ते स्वतःच कुशीवर झालं. माझ्या सावलीच्या दिशेनं. मी सरकून बसले. माझी सावली सरकली. थोड्या वेळानं तेही.

कठड्यावर एक कावळा येऊन बसला. मी काठी उचलली. तो दोन पावलं सरकला आणि मान वाकडी करून बघत राहिला.

किती वेळ गेला कळत नाही. डोक्यात घण पडत होते. कडा वाळून पिवळ्या पडल्या होत्या, मधे अजून ओल होती. आणि खाली कुलर सुरू झाला.

"आई!" मी बसल्या जागेवरून ओरडले. "बंद करा तो! आई!"

कुलरचा आवाज, पाण्याचा आवाज. मी अर्धी उठले. कावळा पत्र्याच्या टोकावर उतरला. मी बसले, तो परत कठड्यावर.

"खुशी! खुशी, वर ये माझ्याकडे!"

मग जिन्यात पावलं वाजली. अनवाणी. ओली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, खुशी चढते तशी.

ती वरच्या पायरीवर थांबली. जिन्यावरच्या पत्र्याची सावली तिच्या छातीपर्यंत येत होती, खाली ऊन. केस कपाळाला चिकटलेले, फ्रॉक ओला. एक हात भिंतीला, दुसरा पाठीमागे.

"आजी कुठे आहे?"

"झोपली."

"कुलर कोणी लावला, बेटा?"

"मले गरम होऊन राह्यलं होतं ना."

आवाज खुशीचा. शब्द खुशीचे. कोणत्याही मुलीनं हेच म्हटलं असतं, हे मला कळत होतं. मी काठी खाली ठेवली नाही.

"हात दाखव तुझे."

"कोणता?" ती म्हणाली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिला ते आवडलं नसावं, तिनं खाली बघितलं, म्हणून मीही बघितलं. ती पाय बदलत होती. डावा उचलायची, उजवा टेकवायची, उजवा उचलायची. पायरी तापली होती. तिच्या पायात चप्पल नव्हती. पोळत होतं तिला, आणि ती रडत नव्हती, कारण मी चिडले आहे असं तिला वाटत होतं.

त्यापुढे मी काही ठरवलं नाही. उठले आणि धावले. मागे पंख फडफडले, पत्रा वाजला. कावळ्यानं काय उचललं, कुठे नेलं, मी वळून बघितलं नाही. दोन्ही हातांनी तिला पायरीवरून उचललं, कडेवर घेतलं, तिच्या पायांचे तळवे माझ्या साडीत गुंडाळले. फुंकर घातली. ती गार होती. एवढ्या उन्हात, मडक्यासारखी गार. तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं.

एक हात माझ्या गळ्याभोवती आला आणि घट्ट झाला.

मी जिन्यात उभी राहिले, दुसऱ्या हाताची वाट बघत.